मठाधिपतीच्या पोटाखालून

वेदीचं कापड अर्धं इस्त्री करून झालं होतं, तेवढ्यात अंगणात हॉर्न वाजला. हॉर्न कसला, बदकाच्या पायावर कुणी पाय द्यावा तसा आवाज. दुसऱ्या दिवशी मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण होता, डोंगरावरच्या चॅपलमध्ये मिस्सा होती आणि कापड माझ्याकडे होतं. तरी मी इस्त्री उभी करून ठेवली आणि बाहेर धावले. असा आवाज करणारी गाडी आमच्या सबंध खोऱ्यात एकच आहे.

"थेक्ला! मिळालं!" नोटबुर्गा गाडीतूनच ओरडली आणि काचेवर चिकटवलेल्या तपासणीच्या स्टिकरवर तिने बोट आपटलं. "तीनदा गाडीखाली शिरला तपासनीस. तीनदा काही न सापडता बाहेर आला. तोंड बघायला हवं होतंस मेल्याचं!"

"उतर. कॉफी घे."

"उतरले तर परत चढायला अर्धा दिवस. इथेच आण कप."

हे थट्टेत म्हणाली, पण फारसं खोटं नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सपाटीवरही काठी लागते, आणि तिचं उन्हाळी कुरण तर गावापासून दोन तासांच्या चढावर. सहा गाई, एक लाकडी खोपट, एक झरा, आणि शेजारीच ते चॅपल. लग्न होऊन आली तेव्हापासून एकेचाळीस उन्हाळे तिने तिथे काढले. नवरा कोर्बिनियान गेला, त्या वर्षीसुद्धा ती वर होतीच. गेला उन्हाळा आणि यंदाचाही मात्र तिने खाली, खिडकीत बसून काढला.

गाई तिचा दीर कासियान बघत होता. रोज पहाटे चढायचं, दूध काढायचं, उतरायचं, मग स्वतःची गवतकापणी. माणूस वाईट नाही, पण थकला होता. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तो एक कागद घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. कुरण दहा वर्षांसाठी खालच्या खोऱ्यातल्या एका माणसाला द्यायचं, असं त्यात होतं.

"वहिनी, हट्ट सोड," तो म्हणाला. "आजच्या गाड्या त्या वाटेवर मावत नाहीत, आणि तू चालत येऊ शकत नाहीस. हेलिकॉप्टरने येणार आहेस का?"

"हाफीने येईन."

"त्या हाफीत कोंबड्या अंडी घालतात!"

"मग अंडी काढून येईन. भावजी, मरियेच्या सणाला मी स्वतः गाडी चालवत वर पोचले नाही, तर तिथेच, फादरांसमोर सही करते. पोचले, तर हा कागद पुन्हा माझ्यासमोर आणायचा नाही."

मी तिची शेजारीण, तिथेच बटाटे सोलत बसले होते, म्हणून शब्द न् शब्द माझ्या वहीत आहे.

हाफी म्हणजे सैन्याने लिलावात काढलेली हाफ्लिंगर, छोटी उघडी जीप. आमच्या डोंगरी घोड्याचं नाव मिळालेली, आणि अंगानेही तेवढीच. कोर्बिनियानने ती घेतली, वीस वर्षं वापरली, मग ती गवताच्या कोठारात जाऊन बसली ती बसलीच. कासियान कागद घेऊन आला, त्याच्या आधीचा एक सबंध हिवाळा नोटबुर्गाने तिच्यावर घातला होता. माझ्याशिवाय कोणाला बोलली नव्हती इतकंच. एकतीस हिवाळे तिने गावच्या डेअरीत काम केलं. लोक समजत, ही बरण्या-कॅन धुते. खरं तर मलई काढायच्या यंत्रापासून बाटल्या भरायच्या यंत्रापर्यंत जे बंद पडे ते तीच उघडून दुरुस्त करी. पाना धरायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही.

गवताचे भारे ओढायच्या कप्पीने तिने गाडीचा सांगाडा तुळईला टांगला आणि स्टुलावर बसून, खालून, एकेक जागा खरवडत गेली. तळाची गंजून चाळण झाली होती. डेअरीने दुधाची जुनी टाकी भंगारात काढली तेव्हा हिने तिचा पत्रा मागून आणला आणि नवा तळ त्याचा बसवला. आता गाडीला तळ गेला असं कधी व्हायचं नाही. पुढच्या चाकांना नवीन तऱ्हेचे डिस्क ब्रेक घातले. ठिणगीची जुनी खटपट काढून इलेक्ट्रॉनिक बसवली. टायर थोडे मोठे घेतले, दगडात पकड यावी म्हणून. कार्बुरेटर उकळून साफ करायला माझं जॅमचं भांडं नेलं. त्या वर्षीच्या जर्दाळूच्या जॅमला जो वास आला, त्याबद्दल आमच्या घरात अजून बोललं जातं.

मी कोठारात जाऊन प्रवाशांचा राखणदार संत क्रिस्टोफर, त्याची प्रार्थना म्हणत असे.

"म्हण, म्हण," गाडीखालून ती म्हणायची. "तू प्रार्थना पीळ, मी नट पिळते. आणि ती बत्ती जरा डावीकडे कर."

तपासनिसाने पहिल्यांदा तिला परत पाठवलं होतं. डोक्यावर भक्कम लोखंडी कमान नसेल तर गाडी उलटल्यावर माणूस वाचणार नाही, म्हणून स्टिकर नाही. तिने जाड पाइप आणून कमान वाकवून घेतली आणि चारही पाय स्वतः वेल्डिंग करून पक्के केले. उंची कोठाराच्या खांबावरच्या खुणेबरहुकूम. ती खूण कोर्बिनियानची. गवत लादून खाली येताना मठाधिपतीच्या पोटाखालून किती उंच भारा निघतो, त्याची.

मठाधिपतीचं पोट म्हणजे वाटेवर पुढे आलेला खडक. अर्ध्या चढावर आहे. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मरियेची दगडी देवळी आणि देवळीमागे दरी. डावीउजवीकडे सरकायला हातभर जागा नाही.

सणाच्या सकाळी आम्ही सगळे पायी निघालो. पुढे निशाण घेऊन कासियान, मग फादर गेबहार्ड, मग आशीर्वादाला न्यायच्या वनस्पतींच्या जुड्या घेतलेल्या आम्ही रोझरी मंडळाच्या बायका, आणि सगळ्यांत मागे, पहिल्या गिअरमध्ये, टरटरत हाफी. ओढा तिने न थांबता ओलांडला. दगडांच्या उतरंडीवर एक चाक हवेत गेलं, तिने चाकं जोडीने फिरवणारे दोन्ही लॉक ओढले आणि गाडी पालीसारखी चिकटून वर आली. फादर प्रार्थना विसरून मागे वळून बघत राहिले.

मठाधिपतीच्या पोटाशी खण्ण झालं आणि गाडी थांबली.

कमान खडकाला भिडली होती. चांगली चार बोटं जास्त.

"असं कसं होईल?" नोटबुर्गा मान बाहेर काढून कमानीकडे बघायला लागली. "टायर मोठे आहेत ते धरूनच मोजलंय मी. कोर्बिनियानची खूण आहे!"

कासियान निशाण टेकवून उभा राहिला. "वहिनी, गेल्या उन्हाळ्यात वाट वाहून गेली होती. मी इथे हातगाडीच्या साठ खेपा करून खडी टाकली. वाट वर आली, पोट तिथेच आहे."

"मग सांगायचं नाही?"

"तू विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. दिराला विचारण्यापेक्षा मेलेल्या नवऱ्याची खूण बरी, असं तिला वाटलं होतं. हे ती बोलली नाही, पण तिच्या मानेवरून मला कळलं.

"करवत आणू का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"कमान कापली की स्टिकर गेलं," ती म्हणाली. "मग गाडी आहे कशाला?"

कासियानने कोटाच्या खिशाला हात लावला. कागद तिथेच होता. त्याने काढला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने लिहिते.

नोटबुर्गाने मात्र गाडी हातभर मागे घेतली, काठी टेकत उतरली आणि एकेका चाकाची हवा सोडायला लागली. फुस्स, फुस्स. टायर बसत गेले. पुन्हा पुढे घेतली. अजून दोन बोटं.

"आणखी सोड," अफ्रा म्हणाली. अफ्रा आमच्या मंडळाची प्रमुख, आणि बेकरीवाली.

"आणखी सोडली तर टायर रिमवरून निघेल."

मी देवळीतल्या मरियेकडे बघितलं आणि मनात म्हटलं, माते, तूच काहीतरी सुचव. तेवढ्यात नोटबुर्गा आमच्याकडे बघायला लागली. एकेकीकडे, वरपासून खालपर्यंत, बाजारात गाय बघावी तशी.

"अफ्रा, तुझं वजन किती?"

"देवाच्या वाटेवर असले प्रश्न?"

"खरं सांग."

"ब्याण्णव," अफ्रा म्हणाली आणि फादरांकडे बघून लाल झाली.

"चढ मागे. थेक्ला, तूसुद्धा. आणि तुम्ही दोघी. स्प्रिंग दाबायला पाहिजेत मला, लाजू नका!"

आम्ही चढलो. दुधाच्या टाकीच्या त्या चकचकीत तळावर चौघी दाटीवाटीने बसलो, मांडीवर जुड्या, आणि गाडी कण्हत खाली गेली. कासियान खडकाजवळ डोळा लावून उभा होता.

"एक बोट कमी पडतंय," तो म्हणाला.

"फादर," नोटबुर्गा म्हणाली, "तुम्हीसुद्धा."

फादर गेबहार्ड बारीक मुळीच नाहीत. त्यांनी झगा गोळा केला आणि अफ्राच्या शेजारी येऊन बसले. "माना खाली," नोटबुर्गाने हुकूम सोडला. मिस्सेतसुद्धा आम्ही इतक्या वाकत नाही. माझं नाक जुडीतल्या ओव्यात रुतलं होतं. इंजिन गुरगुरलं. डोक्यावरून गार दगडाचा वास गेला. मग ऊन पाठीवर आलं.

"निघाली!" कासियान ओरडला. "वहिनी, निघाली! केसभर राखून निघाली!" आणि ज्या हातात निशाण होतं तोच हात त्याने वर केला, तेव्हा मरियेची तसबीर सबंध दरीवर फडफडली. लोक टाळ्या वाजवत होते. चौघी बायका आणि एक धर्मगुरू त्या गाडीत इतकं हसलो, की खाली उतरायला कोणाला सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाबद्दल मी देवाचे आभार मानले.

पलीकडे चाकांत हवा भरायला नोटबुर्गाने पायपंप कासियानच्या पुढ्यात टाकला. "खडी तू टाकलीस, हवा तूच भर."

भरली त्याने, चारही चाकांत.

ती वर पोचली तेव्हा गाई कुंपणाशी आल्या. काठी टेकत ती गाईंमध्ये गेली आणि एकेकीचं नाव घेऊन कपाळ खाजवत राहिली. मिस्सा तेवढ्यापुरती थांबली. वेदीवरचं कापड अर्धं गुळगुळीत, अर्धं सुरकुतलेलं होतं. फादरांनी सुरकुत्यांवर मेणबत्त्या ठेवल्या.

मिस्सेनंतर खोपटातली चूल पेटेना, तेव्हा कासियानने खिशातला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि काटक्यांखाली सारला. काडी नोटबुर्गाने ओढली.

"वहिनी," कॉफी पिता पिता तो म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात माझ्या दोन कालवडी ठेवशील का इथे?"

"ठेवीन. पण त्यातली एक लाथ मारते, ते आधी कबूल कर."

"मारते."

"मग दोन्ही आण."

उतरताना आम्ही पाचही जण पुन्हा मागे बसलो, पुन्हा हवा सोडली, पुन्हा माना खाली घातल्या. खाली पोचल्यावर अफ्रा म्हणाली, दर वेळी काही आम्ही येणार नाही, बेकरी कोण बघेल?

"यायला नको," नोटबुर्गा म्हणाली. "कमान मागे पाडता आली पाहिजे, म्हणजे झालं. उद्या तपासनिसाला विचारून घेते आणि तिथूनच लोहाराकडे जाऊन दोन जाड बिजागऱ्या घडवून आणते."