फ्रीजवर फुकट दिलेला खोका

मुलगी तेरा वर्षांची असताना मी तिचा एक खोका एका फ्रीजच्या सौद्यावर फुकट देऊन टाकला. त्यावरून ती माझ्याशी कधी भांडली नाही, याचा राग मला आजही आहे.

कतारमध्ये, दोहात माझा जुन्या सामानाचा धंदा. बदली झालेल्यांचं घरसामान उचलायचं, विकायचं. सौदा अडला की वर काहीतरी फुकट द्यायचं. गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. शून्यातून उभा राहिलो तो अशानंच.

अल दुहैलमधलं एक जपानी कुटुंब मायदेशी निघालं. त्यांची मुलगी आमचीच्या वर्गातली. जाताना तिनं एका जपानी गायिकेच्या सगळ्या सीडी खोक्यात भरून हिला दिल्या. मग रोज जेवताना मला त्या बाईचं चरित्र, तेही इंग्रजीतून: बर्फाळ किनाऱ्यावरचं गाव, आई मासळीच्या कारखान्यात, ती बाई पंधराव्या वर्षी एकटी टोकियोला गेली, कितीतरी दिवस कुणी विचारलं नाही, मग एका गाण्यानं सगळा देश वेडा केला.

"मराठीत सांग!" मी ओरडायचो. "मीपण एकटाच आलो इथं. माझं कुणी ऐकतं?"

ती ताट उचलून आत जायची.

एक दिवस मैत्रिणीचं पत्र आलं. गायिकेच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं; ती आता कधीच गाणार नव्हती. मुलगी रडत हॉलमध्ये आली.

"बाबा, व्हेअर इज माय बॉक्स?"

हॉलमध्ये माझा माल असायचा. त्यातला तो खोका मी आदल्या आठवड्यात अल रुवैसच्या एका तामिळ कोळ्याला फ्रीजवर दिला होता. विक्रीच्या मालात कुणी जिवापाडची वस्तू ठेवतं का?

तरी गाडी काढली. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीवर सीडी दोरीनं टांगलेल्या, वाऱ्यानं चकाकत फिरत होत्या.

"सेठ, क्या चीज दिया! एक पक्षी नहीं आता."

"सब वापस दे. जो मांगेगा, दूंगा."

"आज भाव नहीं करेगा? बीमार है क्या?"

सीडींवर मीठ चढलं होतं, चरे पडले होते. आतल्या गाण्यांच्या पुस्तिका त्यानं चुलीत घातल्या होत्या. एक उरली होती. गाडीत बसून उघडली. जपानी ओळींखाली मैत्रिणीच्या हातचं इंग्रजी आणि त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरांत मराठी: 'आई, हाताला मासळीचा वास असूदे, मला जवळ घे.' वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'बाबांना वाचायला.'

घरी तिनं एकेक सीडी लावून पाहिली. एकही चालली नाही.

"जपानहून नव्या मागवतो," मी म्हणालो. "दुप्पट आणतो."

"इट्स ओके, बाबा."

त्यानंतर जेवताना तिनं त्या बाईचा विषय काढला नाही. दुसराही काढला नाही.

पुस्तिका माझ्या कपाटात आहे. तिनं मागितली असती तर दिली असती. तिनं मागितली नाही.