न धरलेला उपास

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळेच म्हणतात. खरंही आहे ते. मुख्याध्यापकांना मी तोंडावर सुनावलं आहे. सुट्ट्या पैशांवरून एसटीच्या कंडक्टरशी वसमतपासून हिंगोलीपर्यंत भांडत गेले आहे. मग डॉक्टरांच्या खोलीत जे एकच वाक्य बोलायचं होतं ते माझ्या तोंडून का निघालं नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. जे घडलं ते मात्र सगळं सांगता येतं, आणि सांगताना लाज वाटते.

वडील गेल्यावर आईला मीच हट्टानं वसमतला आणलं. आमचं गाव नरसीच्या अलीकडे कोसभर. भाऊ आणि वहिनी तिथं शेती बघतात. आईला शुगर निघून बरीच वर्षं झाली होती आणि गावात गोळ्यांचा काही मेळ नव्हता. वसमतला महिन्याच्या महिन्याला दाखवता येईल, असं मी भावाला म्हणाले. नवरा नोकरीमुळे नांदेडला, शनिवारी येणार. मुलगी पुण्याला. घरात आम्ही दोघीच.

डॉक्टर साधा, मोकळा माणूस. गोळी सकाळ-संध्याकाळ आणि गोळीनंतर लगेच जेवण, एवढं त्यांनी तीन वेळा बजावलं. एक-दीड भाकरी, भाजी भरपूर, भात थोडका, चहा बिनसाखरेचा. आई हसली, कारण चहा सोडला तर ती जन्मभर हेच खात आली होती. ज्वारीची भाकरी, अंबाडी नाहीतर मेथी, तुरीचं पातळ वरण, कडेला जवसाची चटणी. तिला एकच विचारायचं होतं.

"डॉक्टरसाहेब, एकादशी धरू का?"

"धरा की आजी. पण उपाशी नाही राहायचं. भगर खा, शेंगदाण्याची आमटी खा, साबुदाणा नको. गोळी चुकवायची नाही."

आई एवढी खूश झाली की घरी येताना रिक्षावाल्यालाही तिनं ते सांगितलं. लग्न झाल्या वर्षापासून ती महिन्याच्या दोन्ही एकादशा धरत आली होती. गावी असताना त्या दिवशी चालत नरसीच्या देवळात जायची, दर्शन घेऊन परत यायची. माझ्या जन्माच्या आदल्या दिवशीसुद्धा ती गेली होती, हे तिनं मला इतक्यांदा ऐकवलं आहे की मीच तिथं होते असं वाटतं.

आता माझं सांगते. आमची शाळा सकाळची. साडेसहाला घर सोडायचं. त्याआधी आईसाठी गरम भाकरी हवी, कारण दात उरले होते पाच-सहा आणि गार भाकरी तिला चावत नसे. वरणात कुस्करायची तर तीही ताजी हवी. मला भाकरी कधीच धड जमली नाही. माझी भाकरी कडेनं उलते, मधे कच्ची राहते. आई म्हणायची, "सरक, मी थापते." पण एकदा तव्याजवळ तिचा हात थरथरताना पाहिला आणि मी तिला ओट्यापाशी यायची बंदी केली. म्हणजे काम पुन्हा माझ्याच गळ्यात. दुपारी दीडला घरी आलं की परत तेच. मी वैतागले होते. आईला तसं कधी बोलले नाही, पण भांडी आपटत होते, आणि तिला ते ऐकू येत होतं.

अशात शाळेतल्या एका बाईंनी पावडरचा डबा आणून दिला. एका वेळच्या जेवणाऐवजी एक ग्लास. दोन चमचे पावडर, पाणी, झाकण लावून हलवायचं, झालं. त्यांच्या दिरानं त्यावर वजन उतरवलं होतं. डब्यामागे तक्ता होता. प्रथिनं इतकी, तंतू इतके, जीवनसत्त्वं तितकी. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. तो तक्ता वाचून मला फार बरं वाटलं. माझ्या उललेल्या भाकरीचा असा तक्ता कुठं होता? तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. मधुमेहाची औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्यावं. ती ओळ मी वाचली. नाही वाचली असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. पुढच्या महिन्यात दाखवायला जाऊ तेव्हा विचारू, असं ठरवलं आणि पुढच्या महिन्यात विचारलं नाही. ते भाकरीच बरी म्हणाले असते, आणि मला भाकरी नको होती.

आईनं पहिला ग्लास हातात घेऊन हुंगला. व्हॅनिलाचा वास.

"हे लेकराचं दूध व्हय?"

"आई, यात सगळं असतं. जेवणात असतं ते सगळं."

"मंग चावायला काय हाय?"

मी हसले आणि बॅग घेऊन निघाले. मागं वळून पाहिलं नाही. शाळेत मधल्या सुट्टीत मी डब्यातली पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ली, वर कुणीतरी आणलेली कचोरी खाल्ली.

सकाळ, दुपार, रात्र, तिन्ही वेळा ग्लासच सुरू झाला. पहिले काही आठवडे साखर खरंच उतरली. मी घरच्या साखर मोजायच्या मशीनवरचा आकडा स्टाफरूममध्ये सांगत सुटले. शास्त्रीय पद्धत, शास्त्रीय पद्धत. दोघीजणींनी आपापल्या सासूसाठी डबे मागवले. आईच्या गालाची हाडं वर आली ती मला दिसत होती, पण वजन उतरलं म्हणून मी त्याचंही कौतुक केलं. शेजारच्या घरात भाकरी थापायचा आवाज आला की आई बोलता बोलता थांबायची. मग पुन्हा बोलायला लागायची, पण कुठं होती ते तिला आठवत नसे.

एकदा दुपारी घरी आले तर तिच्या हाताला पीठ. लपवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. लहान मुलीच्या हातावर मावेल एवढीशी भाकरी तिनं करून खाल्ली होती, मिठाबरोबर. मी तिला ओरडले. केलेल्या मेहनतीचा विचका करतेस म्हणाले. कुणाची मेहनत, ते तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ज्वारीच्या पिठाचा डबा स्टुलावर चढून माळ्यावर ठेवून दिला. आई पलंगावर बसून बघत होती. तिला स्टुलावर चढता येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्यानंतर मोरीच्या जाळीत मला पांढऱ्या गुठळ्या सापडायला लागल्या. दुपारचा ग्लास ती ओतून देत होती. म्हणजे ती उपाशी राहत होती आणि मला ते कळलं होतं.

"गिळत न्हाई माय," ती म्हणाली. "घशाशी येऊन राहिलंय सारं."

"सवय होईल," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. दोन शब्द, आणि मी वह्या तपासायला बसले.

ज्या दिवशी ती पडली त्या दिवशी गुरुवार होता. एकादशीला अजून सहा दिवस होते. आदल्या रात्रीचा ग्लासही तिनं अर्धाच प्यायला होता. सकाळी मला उशीर झाला म्हणून मी गोळी तिच्या हातावर ठेवली, ग्लास टेबलावर ठेवला आणि पळाले. तिनं गोळी घेतली. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट ती कधी चुकवत नसे. ग्लास तसाच राहिला. अकराच्या सुमारास शेजारच्या काकूंचा फोन आला. आई अंगणात नळापाशी बसलीय, घामानं निथळतेय आणि भलतंच काहीतरी बोलतेय. बाई शहाणी. तिनं आईला पाणी पिता येतंय हे बघून आधी साखरेचं पाणी पाजलं आणि मग मला फोन केला. मी गेले तोवर आई मला ओळखत होती. रिक्षात माझा हात धरून होती. तिचा हात गार आणि ओला होता.

दवाखान्यात बोटाला सुई टोचून साखर बघितली, सलाईन लावलं. नर्सनं आकडा सांगितला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते खुर्ची ओढून आईजवळ बसले.

"आजी, गोळी घेतली?"

"घेतली."

"आणि खाल्लं काय?"

इथं ती माझ्याकडं बघायला लागली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. माझी वाट बघत होती, एवढंच. वर्गात एखादं पोरगं उत्तर देईल म्हणून आपण थांबतो ना, तशी ती थांबली. मी हातातल्या फाइलीचा कोपरा दुमडत राहिले. नर्स तिथं होती आणि तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. हे माझ्या डोक्यात आलं, आई पडलेली असताना.

"काई न्हाई खाल्लं," आई डॉक्टरांकडं वळून म्हणाली. "उपास होता. निरंकार."

डॉक्टर भडकले. भगर खायला सांगितली होती ना, निरंकार कुणी सांगितला, जीव गेला असता, देव म्हणाला होता का गोळीवर उपाशी राहा? आई मान खाली घालून ऐकत होती. माझ्या वाट्याची बोलणी ती खात होती. तरी मी गप्प राहिले असते तर एक वेळ कमी पाप असतं. पण डॉक्टरांनी माझ्याकडं बघून विचारलं, "ताई, तुम्ही लक्ष देत नाही का?" आणि माझी जीभ, जी तोवर टाळूला चिकटली होती, ती लगेच सुटली.

"सांगून थकले हो," मी म्हणाले. "ऐकतच नाही ती."

त्यांनी फाइलीवर लाल शाईनं लिहिलं. यापुढे कोणताही उपवास नाही. खाली दोन रेघा मारल्या.

त्या संध्याकाळी मी स्टुलावर चढून पिठाचा डबा खाली काढला. भाकरी केली, नेहमीसारखी उललेली. मेथी केली. आईनं वरणात कुस्करून पाऊण भाकरी खाल्ली आणि म्हणाली, "गोड झाली." दिवसभरातलं तेवढंच बोलणं. उरलेली पावडर मी टाकली. डबा देणाऱ्या बाईंना, आईला वास आवडला नाही म्हणून सांगितलं. आणखी एक खोटं.

आठवड्याभरात भाऊ आला. त्यानं फाइल वाचली, लाल ओळ वाचली आणि आईला गावी घेऊन गेला. "आता आमी बघतो," म्हणाला. माझ्यावर त्याचा काही रोष नव्हता. बहिणीनं एवढं केलं आणि आईनंच हट्टानं घात करून घेतला, असं त्याचं मत होतं. गावभर त्यानं तेच सांगितलं.

वहिनीच्या हातची भाकरी पातळ आणि पापुद्र्याची. तिच्याकडं ना तक्ता ना चमचा. शेतातून येताना घोळ, पाथरी, जी रानभाजी मिळेल ती खुडून आणते. आईच्या ताटात भाजी आधी, मग दीड भाकरी, मग वरण. गोळी वेळेवर. दोन-तीन महिन्यांत गाल भरले, आणि साखर पावडरच्या वेळी होती त्याच्या आसपासच राहिली. फक्त एकादशी गेली. त्या दिवशी भाऊ शेतावर जायच्या आधी स्वतः समोर बसायचा आणि आईला भाकरी खायला लावायचा. गल्लीतल्या बाया नरसीला निघायच्या, आईला दारातून हाक मारायच्या, आणि भाऊ आतून ओरडायचा, "तिला उपास बंद हाय!" हे वहिनीनंच मला फोनवर सांगितलं, हसत. मी पण हसले. मग फोन ठेवला आणि मला स्वतःची शिसारी आली.

तरी डॉक्टरांकडे जायला मला सहा महिने लागले. एकटी गेले. पेशंट संपेपर्यंत बाहेर बसले आणि आत जाऊन सगळं सांगितलं. पावडर, माळा, मोरी, सगळं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "अशी पावडर काही लोकांना चालते, ताई. पण आधी गोळी कमी करावी लागते, रोज साखर बघावी लागते. नुसतं मला विचारलं असतं तर पुरे होतं." रागावले नाहीत, ते जास्त लागलं. नव्या कागदावर त्यांनी लिहून दिलं, की भगर आणि आमटी खाऊन एकादशी करायला हरकत नाही.

मी मुद्दाम एकादशीलाच गावी गेले. सकाळची पहिली एसटी धरली. घरी पोचले तेव्हा भाऊ आईसमोर बसला होता, ताट वाढलेलं होतं. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर पुन्हा बोलणं झालं नसतं. "त्या दिवशी आईला उपास नव्हता. मी तिला महिनोन्‌महिने पावडरवर ठेवलं होतं. पीठ माळ्यावर टाकलं होतं. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी तिच्यावर ढकललं." कागद भावाच्या हातात दिला.

भाऊ कागद नुसता धरून बसला. "मंग तवा काहून बोलली न्हाईस?" त्यानं विचारलं. तो उठून गोठ्याकडं निघून गेला.

वहिनी पुढं झाली. तिनं आईसमोरचं ताट उचलायला हात घातला. "आत्याबाई, भगर टाकते. दहा मिनिटांत होईल. मंग जाऊ आपण नरसीला, रिक्षानं."

आईनं ताटाची कड धरून ठेवली.

"राहू दे."

"अवं, डॉक्टर हो म्हणलेत."

"डॉक्टरच्या सांगण्यानं सोडलीच नव्हती मी," आई म्हणाली. "उपासाचं नाव घेऊन खोटं बोलले. आता कोण्या तोंडानं धरू?"

मी तिच्याजवळ खाली बसले. "आई, ते खोटं माझं होतं. तू माझ्यासाठी बोललीस."

"व्हय," ती म्हणाली. "पर बोलले तर मीच ना."

आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खायला लागली.