आतल्या बाजूचा मोर

मला मारायला तात्याला मीच हाक मारून बोलावलं. कौतुक करील, असं वाटलं होतं.

चिंचवडात तात्याचं मिठाईचं दुकान. दिवाळी तोंडावर आलेली, आणि दर्शनी बाजूला त्यानं नवी कोरी काच बसवलेली. गावातली पहिली. तिच्यावर मोर हवा होता, भोवती वेलबुट्टी. असलं काम येणारा मी एकटाच, म्हणून गावाबाहेरच्या आमच्या वस्तीवर सांगावा आला. तात्यानं आधीच बजावलं, "काय काढायचं ते भाईरनं काढ. आत पाय ठिवायचा न्हाई. मिठाईला इटाळ नको तुमचा."

पण काचेचं काम बाहेरून करत नाहीत. धूळ, दव, येणाऱ्याजाणाऱ्याची नखं. चार दिवसांत मोर बोडका. आतून काढायचं, आणि बघणारा बाहेर, म्हणून सगळं उलट्या क्रमानं. आधी डोळ्यातला ठिपका, मग डोळा, मान सगळ्यात शेवटी. ही अक्कल माझ्या डोक्यात एवढी ठासून भरलेली, की दुसऱ्या कुठल्या अकलेला जागाच नव्हती. तात्या मागं भट्टीवर शेव तळत होता. मी वहाणा बाहेर काढल्या. देवळात कुणी कधी घेतलं नव्हतं, पण वहाणा काढायची रीत मला ठाऊक! आणि पेढ्यांच्या परातींमध्ये मांडी घालून बसलो.

मोर असा उतरला, की मीच भुललो. ओरडलो, "तात्या, या हो, बघा तरी!"

तात्या झारा घेऊनच आला. तापलेला. पहिला तडाखा खांद्यावर. कातडं झाऱ्याला चिकटून निघालं. दुसरा कानावर. केसांना धरून त्यानं मला रस्त्यावर फेकलं आणि पराती माझ्या अंगावर उलट्या केल्या. पेढे गटारात. माणसं जमली.

"बाटवलंस सगळं. आता उचल अन् खा. समद्यांम्होरं खा!"

मी उचलला. खरंच उचलला एक. गटाराचं पाणी गळत होतं त्यातून. तोंडाजवळ नेला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "लाजतंय राव!" लोक हसले.

तेवढ्यात समोर नजर गेली. काचेतून मोर बघत होता. माझा मोर. तो दुकानात, मी गटारात. मोर चालतो. मोर काढणारा हात चालत नाही.

पेढा तात्याच्या थोबाडावर हाणला. उठलो. मूठ वळली आणि मोराच्या छातीत घातली. काच खळ्ळकन खाली आली, रक्ताचा फवारा पांढऱ्या बर्फीवर उडाला. पुढं किती जणांनी तुडवलं, माहीत नाही. एक दात त्याच गटारात राहिला.

घरी आय उजव्या हाताच्या जखमेत हळद दाबत होती. मी म्हणालो, "आये, हितनं पुढं जो मला आत घेनार न्हाई, त्याच्या काचंला माझा रंग लागनार न्हाई. हात जोडत आला तरी न्हाई. आन् कुनी हात उचलला, तर त्यो मोडीन."

आयनं चिंधी करकचून आवळली.

"मोड की. पर मुडद्या, काच फोडायला ह्योच हात घावला व्हय तुला? आता रंगवनार काय पायानं?"