नणंदबाईंचे हिरे

माझ्या मोबाईलमध्ये एक राजवाडा आहे. वय एकोणपन्नास, गुडघे दोन्ही दुखरे, आणि मी राणी आहे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढे पराक्रम आहे.

या खेळात राज्य वाढवायचं असतं. वाढवायचं म्हणजे लाकडं तोडायची. सकाळी दीडशे झाडं, संध्याकाळी दीडशे, प्रत्येकावर बोट आपटायचं. मग गवंडी येतो आणि सांगतो, गावाची वेस बांधायला सहा दिवस लागतील. खरे सहा दिवस, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाचे. त्याच्या डोक्यावर मात्र एक हिरवं बटण लुकलुकत असतं: हिरे द्या, वेस आत्ता उभी करतो. हिरे पैशाने मिळतात. म्हणजे या मेल्याला काम क्षणात येतं, तो मुद्दाम रेंगाळतो! आमच्या मोताळ्यात घर बांधताना असले गवंडी मी पाहिलेत, पण ते निदान बटण तरी दाखवत नाहीत.

म्हणून मी सगळ्या घरासमोर शपथ घेतली होती, या खेळात एक रुपया घालणार नाही.

माझी नणंद पिंपळगाव राजाला असते. तीही हाच खेळ खेळते, पण हिरे विकत घेऊन. मी दीड वर्षात जिथे पोचले, तिथे ती दीड महिन्यात. वर फोन करून विचारणार, "काय करून राह्यल्या वयनी? लाकडंच का अजून?"

"हाव बाई. कष्टाचं राज्य हाये माह्यं."

"मंग येत्या रविवारी होऊन जाऊ द्या लढाई. तुमी हारल्या तं हिरे विकत घ्यायचे. समद्यायसमोर."

मी हो म्हणून बसले. शपथच पणाला लागली.

वेस नसेल तर तिच्यासमोर पाच मिनिटं टिकणं शक्य नव्हतं. सोमवारी सकाळी गवंडी कामाला लावला, म्हणजे रविवारी सकाळी वेस तयार. लाकडांसाठी धाकट्या जावेशी सावड केली. एकेक बैल असलेले दोन शेतकरी करतात ना, आज तुझं वावर, उद्या माझं, तशी. मी भाकरी थापताना ती माझी झाडं तोडणार, ती धुणं धुताना मी तिची. तीन बोटांना घट्टे पडले, पण राज्य जोरात होतं.

मंगळवारी जाऊ माहेरी दुसरबीडला गेली. गुणी बाई, तिथेही तिनं वेळेवर माझं राज्य उघडलं. त्याच घटकेला मी मोताळ्यात ते उघडून बसले होते. एक राणी, दोन गावं! राज्य चोरीला गेलं असं समजून खेळाने त्याला दोन दिवस कुलूप घातलं. गवंडीही हात बांधून बसला. खुलाशासाठी एक अर्ज आला: तुमचं खातं दुसरं कोणी वापरतं का? मी लिहिलं, "हो, जाऊ. आमची सावड आहे." उत्तर अजून आलेलं नाही.

रविवार उजाडला, वेशीला दोन दिवस बाकी. लढाई दुपारी चारला. आणि तीन वाजता पडद्यावर एक पेटी येऊन पडली. नणंदेकडून भेट: हिरे. खाली तिचा निरोप, "उघड्या वेशीतून आत यायले मजा नाई. घ्या."

आता आमच्या घरात लेकीला द्यायचं असतं, तिचं घ्यायचं नसतं. सासूबाई लेकीकडे नुसता चहा प्यायल्या तरी नातवाच्या हातावर नोट ठेवूनच उठतात. मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. बटण दाबलं.

ढोल वाजले, वेस उभी राहिली. चार वाजता नणंद तिचे महागडे हत्ती घेऊन आली आणि ते सगळे वेशीवर डोकं आपटून आडवे झाले. मी गुडघ्यांसकट नाचले.

फोन वाजला. मी तो मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"माह्याच हिऱ्यानं मले हरवलं व वयनी!"

"मंग? शपथ राह्यली ना माह्यी. एक रुपया गेला नाई."

सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कोनाचे हिरे?"

"ताईंचे."

"लेकीचं घेतलं तू? मंग तिले साडी करा लागन."

"आई, खरे नाईत हो. चित्रातले हायेत."

"चित्रातले असोत नाई तं मातीचे. घेतले ना?"

फोनच्या पलीकडून अगदी गरीब आवाज आला, "आई म्हनते तं येतो बापा उद्या."

सोमवारी ती आली. दुकानात तिनं एकही साडी उलगडायला लावली नाही. दुकानदाराने गादीखालून एक पिशवी काढली, आत मोरपंखी साडी, जरीचा काठ हातभर.

"ताई, शनिवारी फोनवर सांगतली होती ना तुमी, तीच ठेवली बाजूले."

शनिवारी! हिऱ्यांची पेटी तर रविवारी आली होती. मी नणंदेकडे पाहिलं, ती छताच्या पंख्याकडे पाहत होती. त्या साडीच्या पैशात मी महिनाभर रोज एक वेस उभी केली असती. मी पैसे मोजले. खेळात मात्र मी अजून एक रुपया घातलेला नाही, घरात कोणालाही विचारा.