लस, काटा आणि घरोघरच्या आज्या

आम्ही आरोग्यसेविका एकत्र जमलो की चहा गार होतो आणि किस्से काही संपत नाहीत. दोन हजार सालाच्या आगेमागे माझं उपकेंद्र मुरगूडच्या बाजूला होतं. घरोघरी जायचं, बाळंतिणीला बघायचं, पोराचं वजन करायचं, लस टोचायची. सरकारनं लस दिली होती, काटा दिला होता. आज्यांवरचा उतारा मात्र दिला नव्हता.

*

कागलच्या एमआयडीसीत कामाला असलेला एक बाप होता. पोराला ट्रिपलचं इंजेक्शन दिलं, रात्री ताप आला. सकाळी गडी उपकेंद्राच्या दारात.

"सिस्टर, आमच्या कंपनीत माल फॉल्टी निघाला तर बदलून देत्यात."

मी समजावलं, "अहो, ताप येतोच. लस कामाला लागली म्हणायचं."

पटलं त्याला. पुढच्या डोसाला पोराला ताप आलाच नाही. गडी पुन्हा दारात! "सिस्टर, ह्या बारीचा माल चालू हाय न्हवं?"

*

दोन जावा, भिंतीला भिंत. दोघींची पोरं एकाच वयाची. दृष्ट लागेल म्हणून वजन कानात सांगायचं, तरी ते पलीकडं पोचायचंच. एकदा थोरलीचं पोर काट्याच्या झोळीत घातलं, तर भलतंच भरलं. मी खूश. तेवढ्यात पोर हललं आणि छुनछुन वाजलं. अंगड्याच्या आत आजीचा चांदीचा कमरपट्टा दोन वेढे देऊन बांधलेला.

"हे काय?"

"नुसतं पोर काट्यावर घालायचं व्हय? बरं दिसतंय?" थोरली म्हणाली.

मी पट्टा सोडून परत वजन केलं. भिंतीपलीकडून धाकटीनं विचारलं, "आता किती भरलं, सिस्टर?"

*

पोलिओच्या रविवारी एका आजोबांनी नातू पुढं केला. पोराच्या बोटाला आधीच शाई.

"आजोबा, ह्याला पाजलाय की डोस."

"त्यो मामाच्या गावचा. आमच्या गावाला काय मान हाय का न्हाई?"

*

"सहा महिने आईचं दूध, दुसरं काही चाटवायचं नाही," असं सांगितलं की एक आजी मान डोलावायची, "व्हय की, व्हय की." एकदा छत्री विसरले म्हणून परत फिरले, तर आजी सहाणेवर गुटी उगाळतेय. पण गडबडली नाही.

"पोराला न्हवं. तुमचा घसा बसलाय, तुमच्यासाठीच उगाळत हुतो."

मीही हट्टाची. तिथंच बसून चमचाभर घेतली. घसा लगेच सुटला, पण हे त्या आजीला मी कधी कळू दिलं नाही.

*

शालनचं पोर मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तीन महिन्यांचं झालं तरी वजन वाढेना, हातपाय नुसत्या काड्या. शालन अर्ध्या भाकरीवर दिवसभर वैरण कापायची. सासू तानूबाईचं एकच, "हिचं दूधच पाण्यागत. बाटली लावतो." मी विनवलं, रागावले, डॉक्टरांना घरी आणलं. आईला पोटभर घाला, पोर आपोआप बाळसं धरेल, असं त्यांनीही सांगितलं. तानूबाई ढिम्म. ते पोर हातचं जातंय की काय, या विचारानं मला जेवण जाईना.

पुढच्या महिन्यात गेले, तर काटा चांगला खाली गेला. कमरपट्टा बिट्टा नाही ना, तेही बघून घेतलं! शालनपुढं भरलेलं ताट. वैरणीचा भारा तानूबाईनं स्वतः आणून टाकलेला. मला भरून आलं.

"मावशी, ऐकलंत बाई माझं शेवटी."

"तुमचं कुठलं? डेअरीत दाखवलं म्या."

"काय दाखवलं?"

"हिचं दूध. पाण्यागत हाय का न्हाई ते एकदा मशीनवर कळू दे म्हटलं. सेक्रेटरीनं फॅट लावली आन् माझ्यावरच खेकसला. म्हणला, 'तानूबाई, दुधात काय खोट न्हाई. जनावर उपाशी मारलंयस. आधी पोटभर घाल.'"

शालन तोंडाला पदर लावून हसत होती.

"अहो, कुणाचं दूध ते सांगितलंत का त्याला?"

तानूबाईनं शालनच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "नवी व्यालीया, एवढंच म्हटलं. खोटं हाय व्हय?"