आरपार दगड

कुठल्याही नव्या इमारतीत पाऊल टाकलं की मिस्त्री आधी भिंतीपाशी जायचे. बोटाचं पेर वाकवून तीनदा ठोकायचे, कान लावायचे आणि मग निकाल द्यायचे. "हिचं पोट भरलेलं हाय." किंवा, "ही पोकळ हाय, हिला टेकून बसू नका." लातुरात माझे गणिताचे क्लास भरात होते तेव्हा मिस्त्री माझ्याकडे शिपाई होते. नव्या वर्गासाठी जागा बघायला गेलो की मालक माझ्याऐवजी त्यांच्याच तोंडाकडे बघत राहायचा.

भूकंपानंतर ते स्लॅबखाली कधी निजले नाहीत. क्लासच्या मागच्या अंगणात चार पत्रे ठोकून त्यांनी आपली जागा केली होती. मुलं चिडवायची, "मिस्त्रीचाचा, आत पंखा आहे. इथं डास कशाला पोसता?" ते म्हणायचे, "पत्रा पडला तर माणूस शिव्या देत उठतो. स्लॅब पडला तर त्याला लोक उचलतात." मुलं हसायची. मला हसू यायचं नाही. का, ते आता लिहून ठेवतो. माझ्याबद्दल लातुरात एक चांगली गोष्ट सांगितली जाते आणि ती खोटी आहे.

मिस्त्री आमच्याच गावचे, औशाकडचे. पिढीजात गवंडी. मी गावच्या शाळेत मास्तर असताना आमचं घर त्यांनीच बांधलं. आमच्याकडची दगडमातीची भिंत दोन हात रुंद असते, पण खरं तर त्या दोन भिंती असतात. एक आतली, एक बाहेरची, मध्ये माती आणि दगडगोट्यांची भर. मिस्त्री म्हणायचे, "मास्तर, दोन भावांना एका घरात कोंडल्यागत हाय हे. मधी आई पायजे, दोघांचा हात धरणारी." ती आई म्हणजे आरपार दगड, भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारा. मागच्या भिंतीसाठी असे नऊ दगड त्यांनी खाणीवर स्वतः निवडले आणि लिंबाखाली वेगळे मांडून ठेवले.

मग ते चार दिवस कंधारच्या उरुसाला गेले. जाताना गड्यांना बजावून गेले की मी आल्याशिवाय मागची भिंत छातीच्या वर न्यायची नाही.

माझ्या आईला दारात बसायला ओटा हवा होता. साऱ्या ढिगात ते नऊ दगडच लांब, सरळ, काळेभोर होते. मी गड्यांना म्हणालो, ओट्याला हे लावा. एक गडी म्हणाला, "मिस्त्री वरडतील ना मास्तर." मी म्हणालो, "घर माझं आहे की मिस्त्रींचं? त्यांच्याशी मी बोलतो." ओटा झाला. पावसाच्या आत छप्पर चढावं म्हणून मागची भिंतही मी आरपार दगडांशिवाय तशीच वर घ्यायला लावली.

मिस्त्री परतले, त्यांनी माझ्या हातावर उरुसाच्या रेवड्या ठेवल्या. आई ओट्यावर बसली होती. तिनं त्यांना चहा दिला. मी बोललो नाही. त्यांनीही काही विचारलं नाही.

काही वर्षांनी भूकंप झाला. मागची भिंत मधोमध उकलली आणि आतलं अंग आईवर आलं. ओट्याचा एक दगडही हलला नव्हता.

आईला बाहेर काढलं तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मिस्त्रीची भिंत हाय ही!" मिस्त्री पुढे आले. माझ्यासमोर मातीत बसले. म्हणाले, "खरं हाय मास्तर. माझी भिंत. माझी चूक." एका वाक्याचं काम होतं. मी खाली मान घालून उभा राहिलो आणि लोकांना ते दुःख वाटलं. त्या दिवसानंतर मिस्त्रींनी थापी हातात धरली नाही.

दोनेक वर्षांनी, मी लातुरात क्लास काढल्यावर, ते दारात येऊन उभे राहिले. त्यांची बायको आधीच वारली होती, सोबत एकुलता एक मुलगा अन्वर. "आईसाहेब गेल्या. त्यांच्या जागी तुमची चाकरी करू द्या," म्हणाले. मी ठेवून घेतलं. घंटा, पाणी, चाव्या, सगळं ते बघायचे. अन्वर माझ्याच वर्गात बसून शिकला आणि पुढे नौदलात गेला. तेव्हा गावकऱ्यांनी माझा सत्कार केला. वक्ता म्हणाला, "ज्याच्या हातून आई गेली, त्याच्याच लेकराला सरांनी घडवलं!" टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात मिस्त्री वाजवत होते.

एकदा अन्वरच्या जहाजावर घरच्यांना बोलावण्याचा दिवस होता. मिस्त्री हटून बसले. "मास्तर, तुमी आल्याबिगर मी न्हाई जाणार." नांदेडहून आम्ही विशाखापट्टणमची गाडी धरली. गाडीत सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. ते सगळ्या डब्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाटत होते, पोराचं कौतुक सांगत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

जहाजावर चढल्या चढल्या त्यांनी भिंतीवर पेर ठोकलं. जिना उतरले, तिथं ठोकलं. जेवणाच्या खोलीत, भांडारात, सगळीकडे ठोकत चालले. एक खलाशी हसून म्हणाला, "अन्वर, तुझे अब्बा जहाज विकत घेणार दिसतात." अन्वर ओशाळला. "अब्बा, पोलाद आहे हे."

"ते दिसतंय मला. मधी काय हाय?"

अन्वरनं त्यांना खाली नेलं आणि भिंतीवर टांगलेलं जहाजाचं चित्र दाखवलं. तळाला दोन अंगं असतात, एक बाहेरचं, एक आतलं, आणि मध्ये उभ्या पोलादी पट्ट्या, दोघांना धरून ठेवणाऱ्या. मिस्त्रींनी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, शेवटपर्यंत.

"आरपार हायत," ते म्हणाले. "लेका, चांगल्या घरात हायस तू."

मग अन्वरच्या बिछान्यावर जरा टेकतो म्हणाले आणि चक्क निजले. निजण्याआधी मी वर छताकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, "पत्राच हाय की मास्तर. लई जाड हाय, इतकंच." भूकंपानंतर, अंगणातल्या पत्र्यांखेरीज दुसऱ्या छताखाली त्यांना झोपलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

उठल्यावर आम्ही वर कठड्याशी उभे होतो. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "मास्तर, एक इचारू? कंधारहून आल्यावर ती मागची भिंत मी तपासली न्हाई. आरपार दगड पडले होते का तिच्यात? तुमाला याद हाय का?"

वीस पावलांवर त्यांचा मुलगा पांढऱ्या कपड्यांत उभा होता. याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "आठवत नाही."

"हाव," ते म्हणाले. "लई दिस झाले." आणि त्यांनी कठड्यावर तीनदा पेर ठोकलं. या वेळी कान लावला नाही.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले, त्याच पत्र्यांखाली. चाळिसाव्या दिवसानंतर अन्वर माझ्याकडे आला. वडिलांचा ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन, माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "अब्बांनी तुम्हाला द्यायला सांगितलं." मी विचारलं, आणखी काही म्हणाले का?

"म्हणाले, ओट्याचे दगड त्यांनी आल्या दिवशीच ओळखले होते. भिंत उतरवा म्हणायला हवं होतं. पण तुमच्या आई ओट्यावर बसल्या होत्या, खुशीत होत्या, अब्बांचं तोंड उघडलं नाही. म्हणून ती भिंत ते आपलीच चूक समजत होते." ओळंब्याची दोरी गुंडाळत अन्वर पुढे म्हणाला, "मी म्हटलं, सरांना विचारू का? तर म्हणाले, नको. मी एकदा इचारलंय."

ओळंबा माझ्या खिडकीला टांगला आहे. वारा आला की भिंतीवर आपटतो आणि मी लिहिता लिहिता थांबतो.

मिस्त्री, मला आठवत होतं. नऊ दगड होते.