तुळशीच्या लग्नानंतरचे चार दिवस

तुळशीची लग्नं आटोपली की आमच्या केंद्राचा हंगाम सुरू होतो. ‘आमच्या’ म्हणायची मला सवय लागलीय. खरं तर वधू-वर सूचक केंद्र बाईंचं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सेनगावापासून डोंगरकड्यापर्यंत त्यांचा विद्यार्थी नाही असं गाव सापडायचं नाही, आणि त्या विद्यार्थ्यांच्या मुली आता लग्नाच्या झाल्यात. माझं हिंगोलीत बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आठ वर्षांपूर्वी मीच बाईंच्या मागं लागून केंद्राची वेबसाइट आणि केंद्राच्या नावाचा ईमेल सुरू करून दिला. पुढं त्यांनी माझं लग्न जमवलं. फिटंफाट झाली, असं आम्ही दोघी म्हणायचो. वेबसाइटची आणि मेलची राखण मात्र माझ्याकडंच राहिली, आणि त्या राखणीचा मला बऱ्यापैकी तोरा होता.

त्या गुरुवारी दुपारी ‘नोंदणी सुरू’ अशी पाटी टाकावी म्हणून मी वेबसाइट उघडली, तर भलतंच पान समोर आलं. गणपती नाही, बाईंचा फोटो नाही. वर इंग्रजीत लिहिलेलं, हे नाव विक्रीला निघू शकतं. खाली जाहिराती: तुमच्या जवळच्या एकट्या मुली, आत्ताच बोला. काउंटरपलीकडं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक म्हातारे काका बसले होते. मी झटक्यात स्क्रीन बंद केली आणि त्यांना म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या. ते बिचारे उठून गेले. 

इंटरनेटवरचं नाव, म्हणजे वेबसाइटचा आणि मेलचा पत्ता, कायमचं कुणाचं नसतं, ते एका कंपनीकडून मुदतीवर मिळतं. मुदत संपली आणि नवी केली नाही, तर कंपनी काही दिवस ते धरून ठेवते आणि मग लिलावात काढते. घेणारा कुठला, कसला, काही सांगता येत नाही. आणि नाव ज्याच्याकडं, त्या नावावर येणारा मेलही त्याच्याकडं. आमच्याकडं मेलनं येतं काय, तर पोरींचे फोटो. उंची, रक्तगट, मामाचं गाव, वडिलांचा मोबाइल नंबर. केंद्राचा पत्ता बाईंच्या प्रत्येक कार्डावर छापलेला. लोक आता डोळे झाकून पाठवायला लागणार होते. सुरुवातीलाच एकदम भरलेली आठ वर्षांची मुदत संपून आमचं नाव दिवाळीच्या आधीच बंद पडलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण चातुर्मासात बायोडाटे येतातच किती? मेल आला नाही म्हणून कुणी काळजी करत नाही.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत गोड बोलत होती. सोमवारी सकाळी दहापर्यंत नाव तुमच्यासाठी राखून आहे, त्यानंतर लिलाव, असं तिनं सांगितलं. मी शटर ओढून बाईंच्या घरी पळाले.

“काहून एवढी धापा टाकून राहिलीस?” बाई नुकत्याच लेकीकडून दिवाळी करून परतल्या होत्या, बॅगही अजून उपसली नव्हती. मी सांगत गेले आणि त्या ऐकत खाली बसल्या. नाव, लिलाव यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे, पण मेल दुसऱ्याकडं जाईल एवढं बरोबर कळलं.

“आगं, त्या तांड्यावरच्या नर्स पोरीनं दिवाळीत फोटो पाठवला असंल की!”

ती पोरगी मला चांगली आठवत होती. सेनगावकडच्या एका तांड्यावरची, हिंगोलीत एका खाजगी दवाखान्यात नर्स. दोन वर्षांपूर्वी तिची एक सोयरीक मोडली होती, आणि मोडल्याच्या रागात त्या पोरानं तिचा फोटो घाणेरड्या मजकुरासह व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला होता. महिनाभर ती तांड्यावर गेली नव्हती. बापानं तिचा फोटो काढू देणंच बंद करून टाकलं होतं. दसऱ्याच्या आधी बाईंनी त्या बापाला समोर बसवून शब्द दिला की फोटो माझ्या हाताबाहेर जाणार नाही. तिला सुटी मिळेना, म्हणून मेलनं पाठव म्हणाल्या. मेल सुरक्षित असतो हे बाईंना मी सांगितलेलं होतं.

“पण कंपनीनं आधी कळवलं असंल ना?” बाईंनी विचारलं.

मी त्यांचा मोबाइल घेतला आणि मेलचा कचऱ्याचा डबा उघडला. चार सूचना होत्या, ओळीनं. गेल्या वर्षी कुठल्याशा भामट्यानं असाच मुदतीचा खोटा मेल पाठवून बाईंकडून कार्डाचा नंबर काढायचा प्रयत्न केला होता. तेव्हा मी बोट नाचवून सांगितलं होतं, मुदत संपली म्हणणारा इंग्रजी मेल दिसला की सरळ कचऱ्यात टाकायचा, मला विचारायचं सुद्धा नाही. बाई पस्तीस वर्षं शिक्षिका होत्या. सूचना पाळणं त्यांच्या अंगात भिनलेलं.

“तू सांगितलं तसंच केलं मी,” त्या म्हणाल्या. आवाजात दोष देणं नव्हतं, त्यानंच मला जास्त लागलं.

मुदत वाढवायला खात्यात शिरायला हवं. पासवर्ड जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलेला. नवा मागवला तर तो केंद्राच्याच मेलवर जाणार, आणि तो मेल बंद. किल्ली आत ठेवून कपाट ओढून घेतल्यासारखी गत. खात्यावरचा मोबाइल नंबर माझ्या माहेरचा, तो कधीच बंद झालेला. मग कंपनीची मुलगी म्हणाली, ज्याच्या नावावर खातं आहे त्याचं ओळखपत्र पाठवा.

“माझं आधार पाठव की,” बाई म्हणाल्या.

मी मोबाइल खाली ठेवला.

“खातं कुणाच्या नावावर हाय?”

“माझ्या.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हंजे आठ वर्सं माझं केंद्र तुझ्या नावावर हाय, आन् मला ठाऊक न्हाई?”

फॉर्मवर नाव मागितलं, मी माझं टाकलं, दोन मिनिटांत काम झालं, असं मी म्हणाले. ते खरंच होतं. पण मला ते आवडलंही होतं, हेही खरं. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, माझ्या नावावर जगात दुसरं काहीच नव्हतं.

आणि तेही नाव आता उरलं नव्हतं. पत्रिकेवरून सासरच्यांनी माझं पहिलं नावसुद्धा बदललं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि मी हसत हसत ते सगळ्यांना दाखवलं. पुढं आधार, पॅन, मतदान कार्ड, सगळं मीच माझ्या दुकानात बसून बदलून घेतलं. दुसऱ्यांच्या शेकडो सुनांची नावं बदलून दिली. हे एक खातं तेवढं विसरले. कंपनीच्या मुलीनं माझं आधार पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, नाम मैच नहीं हो रहा. ये तो कोई और है.” दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद आणा म्हणाली. आम्ही लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं मी माहेरी, डोंगरकड्याला गेले. आई दारात ज्वारी निवडत होती. मला बघून ती हरखली, पण मी बसलेसुद्धा नाही.

“आई, माझा शाळा सोडल्याचा दाखला दे. जुन्या नावाचा कागद लागून राहिलाय.”

तिचा चेहरा उतरला. सूप खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, “जावायासंगं काही झालं का? खरं सांग लेकरा.”

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं, त्यामुळे तिची खात्रीच पटली. मी वेबसाइटचं सांगितलं, तर तिला ती बतावणी वाटली. पेटीतून दाखला काढून दिला, पण स्टँडवर सोडायला आली आणि गाडी येईपर्यंत तीनदा विचारलं, “नांदायला तकलीफ न्हाई ना?” मी नाही नाही म्हणत राहिले. माझं लक्ष घड्याळाकडं होतं.

दुपारी हिंगोलीत कोर्टाजवळ नोटरीकडं शपथपत्र करून घेतलं, की दोन्ही नावं माझीच. खाली दोन्ही नावांनी सही करा म्हणाले. नवी झाली. जुनी करायला गेले, तर हात अडला. पहिल्या अक्षराचा वळसा कसा घ्यायची तेच आठवेना. रद्दी कागदावर पाच-सहा वेळा गिरवली, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, ती मुलगी म्हणते तशी मी खरंच दुसरीच कुणी आहे. शेवटी जमली तशी केली. चार वाजता सगळे कागद पाठवले. कंपनीचं उत्तर आलं: तपासायला अठ्ठेचाळीस तास.

शनिवारी बाई दुकानात आल्या. गर्दी होती, तरी काउंटरला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “त्या पोरीला सांगून टाक.”

“सोमवार होऊ द्या बाई.”

“माझ्या शब्दावर पाठवलाय तिनं.”

“एकदा नाव परत आलं की मेल बी येईल. मग कशाला घाबरवायचं तिला?”

घाबरले होते मी. तिच्या बापाला घाबरले होते, तो दुकानासमोर उभा राहून चार लोकांत बोलेल म्हणून. आणि मनातल्या मनात मी ठरवून टाकलं होतं की सगळं गुपचूप जागेवर आलं तर कुणाला कळायचं कारणच नाही. बाई निघून गेल्या. दिवसभर मी दर दहा मिनिटांनी ते पान उघडत होते. त्या जाहिरातींत एका मुलीचा चेहरा होता, कुठल्या देशातली कोण जाणे. मला ती दर वेळी थोडी ओळखीची वाटायला लागली होती. जेवण जात नव्हतं. नवरा म्हणाला, एवढं काय, दुसरं नाव घ्या. मी त्याच्यावर अशी काही ओरडले की तो ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

रविवारी दुपारी साडेतीनला फोन आला. कागद मंजूर झाले होते. मी कंपनी जेवढी देत होती तेवढ्या सगळ्या वर्षांची मुदत वाढवली आणि खातं बाईंच्या नावावर केलं. संध्याकाळपर्यंत गणपती आणि बाई दोघंही जागेवर आले. पाठोपाठ वाटेत अडकलेले मेल यायला लागले, एक, दोन, पाच. सगळे गेल्या दोन-तीन दिवसांतले. त्या पोरीचा नव्हता. सोमवारी सकाळीही नव्हता.

सोमवारी तीन वाजता ड्युटी संपवून ती पोरगी बाईंच्या निरोपावरून त्यांच्या घरी आली, पांढऱ्या ड्रेसवर लाल स्वेटर. बाईंनी चहा ठेवला. तिनं पाठवलेला मेल मी तिला दाखवायला सांगितलं. भाऊबीजेच्या दिवशी पाठवलेला होता. पत्ता बरोबर. फोटोत पोपटी साडी नेसून, कडुलिंबाच्या खोडाला एक हात लावून ती उभी होती, आणि चांगलीच हसत होती.

मी सगळं सांगितलं. बंद नावावर पाठवलेला मेल बहुतेक वेळा पाठवणाऱ्याकडं परत येतो, हेही सांगितलं.

“मला परत आला न्हाई,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“आन् तुमाला बी भेटला न्हाई.”

“न्हाई.”

“मग कुठं हाय?”

मधल्या दिवसांत ते नाव कुणाच्या मशीनकडं मेल वळवत होतं, हे मी कंपनीला दोनदा विचारलं होतं. त्यांनाही सांगता आलं नव्हतं. “मला ठाऊक न्हाई,” मी म्हणाले. आठ वर्षांत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. “तुमाला कवा कळलं?”

“गुरुवारी.”

“आज सोमवार हाय, ताई.”

 बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही. निघताना म्हणाली, “बाबाला सांगू नका. आन् आता मी फोटो देत न्हाई कुणाला. ज्याला बघायचं त्यानं इथं येऊन बघावं.” बाईंनी तिच्या नोंदणीच्या कागदावर तेच वाक्य तसंच्या तसं लिहून ठेवलं.

तेव्हापासून मी तिचं नाव आणि गाव टाकून इंटरनेटवर तिचा फोटो शोधते. दुकान उघडलं की पहिलं काम ते. कधी पाच पानं बघते, कधी दहा. उत्सवांचे फोटो येतात, निकालांच्या याद्या येतात, दुसऱ्याच बायका येतात. पोपटी रंग दिसला की फोटो मोठा करून बघते.

तिचं लग्न जमलं. पोरगा आईला घेऊन बाईंच्या घरी आला होता, बघून पसंत करून गेला. लग्नाच्या आधी ती पत्रिका द्यायला माझ्या दुकानात आली. गिऱ्हाइकं होती. तिनं पत्रिकेला हळदीकुंकू लावून ती माझ्या हातात दिली, नक्की या म्हणाली, आणि मग काउंटरवरून वाकून अगदी हळू विचारलं, “कुठं दिसला का?”

“न्हाई गं.”

“मला बी न्हाई दिसला अजून,” ती म्हणाली. “मी बी रोज बघते.” आणि शेजारच्या दुकानात पत्रिका द्यायला गेली.